नाट्यवर्ग, महाजाल आणि मुलांची बोली

नंदुरबार जिल्ह्यातील शाळांच्या संदर्भात ऑनलाइन साधनांचा विचार

शालेय नाट्यशिक्षणात ऑनलाइन साधनांचा उपयोग कसा करावा, याविषयीचे बहुतेक लेखन मोठ्या शहरांतील शाळा डोळ्यांसमोर ठेवून केलेले असते. प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती यंत्र, अखंड वीज, वेगवान जोडणी आणि घरी व शाळेत एकच भाषा, या चार गोष्टी त्यात न सांगता मानलेल्या असतात. सातपुड्याच्या कुशीतील नंदुरबार जिल्ह्यात यांपैकी कोणतीही गोष्ट सरसकट मानून चालता येत नाही. म्हणूनच हा जिल्हा या विषयाची खरी कसोटी ठरतो. जे साधन धडगावच्या डोंगरातील शाळेत उपयोगी पडेल ते पुण्या-मुंबईतही पडेल. उलट मात्र खात्रीने सांगता येत नाही.

नाटक ही समोरासमोरची कला आहे. महाजालाचे साधन तिची जागा घेऊ शकत नाही. ते नाटकाच्या आधी आणि नाटकाच्या नंतर कामास येते. आधी गोष्टी गोळा करण्यासाठी, आवाज टिपण्यासाठी, संहिता बांधण्यासाठी. नंतर आपलेच काम पुन्हा पाहून त्यावर बोलण्यासाठी. ही मर्यादा नीट ओळखली, तर एका शिक्षकाच्या साध्या भ्रमणध्वनीवरही बरेच काही साधते.

जिल्हा आणि त्याच्या भाषा

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) असे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजारांच्या घरात असून त्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. त्या वेळी राज्याचे साक्षरतेचे प्रमाण ८२ टक्क्यांहून अधिक, तर नंदुरबारचे सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत महाराष्ट्रातील जे चार जिल्हे आले, त्यांत नंदुरबारचाही समावेश होता.

या आकड्यांतून एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे भाषांची दाटी. नवापूरकडे मावची आणि कोकणी, अक्कलकुवा-तळोद्याकडे देहवाली, धडगाव-शहाद्याच्या डोंगराळ भागात पावरी, सपाटीवर अहिराणी आणि गुजरी, शहरात मराठी, गुजराती, हिंदी आणि उर्दू. पहिलीत येणाऱ्या असंख्य मुलांच्या कानाला पाठ्यपुस्तकातील मराठी नवी असते. घरी दिवसभर बडबडणारे मूल शाळेत गप्प बसते आणि त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ ‘याला काही येत नाही’ असा लावला जातो. नाट्यवर्गाचे इथले महत्त्व या ठिकाणी आहे. हावभाव, हालचाल, नक्कल आणि आवाज यांच्या आधाराने मूल आधी बोलते होते; प्रमाण मराठी मागाहून येते.

तंत्रज्ञानाच्या इतिहासातही या जिल्ह्याचे नाव आहे. देशातील पहिली आधार ओळखपत्रे २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली या गावात वाटण्यात आली. देशभरच्या संगणकीय ओळखीचा प्रारंभ जिथे झाला, त्याच जिल्ह्यातील डोंगरपाड्यांवर भ्रमणध्वनीची लहर पकडण्यासाठी उंच टेकाडावर जाण्याची पाळी लोकांवर येत राहिली. साधन पोहोचणे आणि साधनाचा उपयोग होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

रंगभूमी येथे आधीपासून आहे

नंदुरबारच्या शाळेत नाटक ‘न्यायचे’ आहे, अशी कल्पना करून सुरुवात केली तर पहिलेच पाऊल चुकते. अक्कलकुवा, तळोदा, नवापूर या भागात सोंगाड्या पार्टीची परंपरा आहे. आदिवासी बोलीतील संवाद, गाणी, नाच, विनोद आणि समाजातील दोषांवर ठेवलेले बोट, असा हा रात्र जागवणारा खेळ. परंपरेने स्त्रीभूमिकाही पुरुषच करत आले. अशा खेळांच्या चित्रफिती अलीकडे यूट्यूबवर मोठ्या संख्येने दिसतात. मंडपात बसून पाहिलेला खेळ मुले पुन्हा भ्रमणध्वनीवर पाहतात, तो बहुधा शाळेला न सांगता.

होळीच्या दिवसांत तर सारा सातपुडाच रंगमंच होतो. अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळी प्रसिद्ध आहे. बावा, बुध्या, मोरखी अशी रूपे घेतलेले लोक मोरपिसांचे टोप, अंगावर रंगवलेले ठिपके, कमरेला बांधलेली घुंगरे व भोपळे अशा वेशात ढोलाच्या तालावर रात्रभर नाचतात. वेशभूषा, रंगभूषा, ताल, समूहाची हालचाल आणि प्रेक्षकांशी नाते, हे नाट्यशास्त्राचे सारे धडे इथल्या मुलाने शाळेत येण्यापूर्वी पाहिलेले असतात. होळीच्या आधी भरणाऱ्या भोंगऱ्या बाजारातील गर्दी, भाव ठरवण्यातील चढाओढ, गावोगावचे ढोल यांतून संवादांचा जो खजिना मिळतो तो कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

मराठी बालरंगभूमीचा लिखित इतिहास मात्र मुख्यतः शहरांचा आहे. सुधा करमरकर यांच्या ‘लिटल थिएटर’ने १९५९ मध्ये रत्नाकर मतकरी यांचे ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणले. पुढे १९६२ मध्ये मतकरींनी स्वतःची ‘बालनाट्य’ ही संस्था काढली. बर्लिनच्या ग्रिप्स रंगभूमीचा प्रयोग १९८६ पासून पुण्यात रुजला आणि मुलांच्या खऱ्याखुऱ्या प्रश्नांवरची नाटके मराठीत आली. या प्रवाहांचा लाभ डोंगरातील शाळांना फारसा झाला नाही. त्यांच्या वाट्याला आले ते वार्षिक स्नेहसंमेलन आणि त्यात पाठ करून म्हटलेले, दुसऱ्याच प्रदेशातील घरात घडणारे एकांकी नाटुकले.

याला अपवादही होते. नर्मदा बचाव आंदोलनाने १९९१-९२ पासून नर्मदाकाठच्या चिमलखेडी, निमगव्हाण या गावांत जीवनशाळा सुरू केल्या. बुडीत क्षेत्रातील मुलांना त्यांच्या बोलीचा आधार घेऊन शिकवणाऱ्या या शाळांच्या बालमेळ्यात खेळांबरोबर गाणी आणि नाटकेही सादर होत आली. मुलांचे जगणेच नाटकाचा विषय होऊ शकते, हे तिथे वीज आणि महाजाल दोन्ही नसताना दिसून आले.

टाळेबंदीचा धडा

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ऑनलाइन शिक्षण हा शब्द घरोघरी पोहोचला. राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाने रोजची अभ्यासमाला व्हॉट्सअ‍ॅपद्वारे पाठवली. त्याच वर्षी जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. केंद्राच्या ‘दीक्षा’ या व्यासपीठावरील साहित्य पाठ्यपुस्तकांतील क्यूआर संकेतांशी जोडलेले होतेच. ज्यांच्या घरी यंत्र आणि जोडणी होती, त्यांचे शिक्षण कसेबसे चालू राहिले.

पालघर जिल्ह्यातील दांडवळ या आदिवासी गावात मात्र वेगळा मार्ग निघाला. तिथे एका स्वयंसेवी संस्थेने ध्वनिमुद्रित धडे ध्वनिवर्धकावरून मुलांना ऐकवले. मोकळ्या जागेत अंतर राखून बसलेली मुले त्या आवाजाला उत्तर देत. महागड्या यंत्रावाचून, केवळ आवाजाच्या बळावर वर्ग भरला. नंदुरबारसारख्या जिल्ह्यासाठी या प्रयोगात मोठा संकेत आहे. चित्रापेक्षा आवाज हलका असतो, लवकर पोहोचतो आणि एका यंत्रावरून अनेकांपर्यंत जातो.

कलाशिक्षणाच्या वाट्याला त्या काळात सर्वांत मोठी उपेक्षा आली. शालेय विद्यार्थ्यांसाठी २०१५ पासून होणारा राष्ट्रीय कला उत्सव २०२०-२१ मध्ये ऑनलाइन घ्यावा लागला. एकट्याने सादर करण्याच्या कला अशा रीतीने निभावल्या; परंतु समूहाची कला असलेल्या नाटकाला पडद्यावरच्या चौकटी मानवल्या नाहीत.

पडद्यावर संवाद का अडखळतो

याचे कारण तांत्रिक आहे आणि ते शिक्षकाने समजून घेतलेले बरे. झूम किंवा गूगल मीटसारख्या सोयीत एकाचा आवाज दुसऱ्यापर्यंत पोहोचण्यास काही क्षणांचा विलंब लागतो. सेकंदाचा पाचवा हिस्सा एवढा हा विलंब साध्या गप्पांत जाणवत नाही. एकत्र म्हणायचे गाणे, टाळीवरची टाळी, वाक्य तोडून मध्येच दिलेले उत्तर यांत मात्र तो ताल बिघडवतो. शिवाय ही व्यवस्था एका वेळी एकाच ठळक आवाजाला पुढे करते. दोघे एकदम बोलले की एकाचा आवाज दबतो. जोडणी क्षीण असेल तर विलंब वाढतो, आवाज तुटतो. म्हणून थेट ऑनलाइन तालीम ही नंदुरबारसाठी सर्वांत निरुपयोगी, तर आधी मुद्रित करून मग पाठवलेला आवाज सर्वांत उपयोगी ठरतो.

आकाराचा हिशेबही असाच सांगतो. आजच्या भ्रमणध्वनीवर उत्तम प्रतीची एक मिनिटाची चित्रफीत साधारण १०० एमबी किंवा त्याहून अधिक जागा घेते. तेच एक मिनिट केवळ आवाजाच्या रूपात, बोलण्यास पुरेशा अशा ३२ किलोबिट प्रतिसेकंद वेगाने मुद्रित केले, तर २४० केबीत मावते. म्हणजे एका मिनिटाच्या चित्रफितीच्या जागेत सुमारे सात तासांचे बोलणे बसते. चित्रफीत घ्यायचीच असेल तर मुद्रणाची प्रत आधीच कमी ठेवावी आणि ती महाजालावरून पाठवण्याऐवजी ब्लूटूथने, मेमरी कार्डाने किंवा पेन ड्राइव्हने द्यावी.

कोणते साधन कशासाठी

साधनांची लांबलचक यादी देण्यात अर्थ नाही. ती दर वर्षी बदलते. कामाच्या पायऱ्या बदलत नाहीत. त्या पायऱ्यांनुसार साधने निवडली की गोंधळ टळतो.

पहिली पायरी गोष्ट मिळवण्याची. त्यासाठी भ्रमणध्वनीतील ध्वनिमुद्रणाची साधी सोय पुरते. आजीकडून ऐकलेली कथा, गावाच्या नावामागची हकिकत, जंगलातील एखादा प्रसंग मुलांनी घरच्या बोलीत टिपून आणावा. ज्यांच्या घरी यंत्र नाही त्यांनी ऐकून यावे आणि वर्गात सांगावे. मुद्रण तिथे शिक्षकाने करावे. वाचनासाठी प्रथम बुक्स या संस्थेचे २०१५ मध्ये सुरू झालेले ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ उपयोगी आहे. तिथल्या मराठीसह अनेक भाषांतील सचित्र गोष्टी मुक्त परवान्याखाली असल्याने त्या उतरवून घेता येतात, छापता येतात आणि त्यांचे नाट्यरूपांतरही करता येते.

दुसरी पायरी संहितेची. गूगल डॉक्ससारख्या सोयीत अनेकांना एकाच मजकुरावर काम करता येते. पण वर्गात एकच संगणक असेल तर फळा हीच सामायिक वही समजावी आणि शेवटी तिचे छायाचित्र घ्यावे. मराठीत बोलून टंकन करण्याची सोय २०१७ पासून भ्रमणध्वनीवर मिळू लागली. ती कामाची आहे, मात्र येथे एक धोका आहे. मूल देहवालीत किंवा पावरीत बोलले तर यंत्र तो शब्द मराठीतील जवळच्या शब्दात बदलते. मुलाला वाटते, आपलेच चुकले. म्हणून बोलीतील संवाद हाताने, देवनागरीत, जसे ऐकू येतात तसे लिहावेत. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने २०२५ मध्ये ‘आदिवाणी’ हे भाषांतराचे साधन चाचणी स्वरूपात आणले. त्यातील चार भाषांत भिली आहे, परंतु ती मध्य प्रदेशातील बोलीवर आधारलेली आहे. नंदुरबारच्या बोलींचे काम अद्याप माणसांनाच करावे लागणार आहे.

तिसरी पायरी ध्वनीची. ‘ऑडॅसिटी’ हे विनामूल्य संपादन साधन एकदा उतरवून घेतले की महाजालाशिवाय चालते. पावसाची सर, जात्याची घरघर, बैलांच्या गळ्यातील घंटा, ढोल, मांदळ, बासरी हे सारे मुलांनी स्वतः टिपावे. महाजालावरील तयार ध्वनींपेक्षा गावचा पाऊस प्रेक्षकांना अधिक ओळखीचा वाटतो.

चौथी पायरी पाहण्याची. तालीम मुद्रित करून पाहिली की मूल स्वतःला प्रथमच बाहेरून पाहते. आपण प्रेक्षकांकडे पाठ केली, शेवटचा शब्द गिळला, दुसरा बोलत असताना आपण इकडेतिकडे पाहत होतो, हे सांगावे लागत नाही. येथे एक पथ्य महत्त्वाचे आहे. आधी प्रत्येकाने स्वतःच्या कामातील एक चांगली गोष्ट सांगावी, मग एक सुधारण्याजोगी. दुसऱ्याच्या चुका मोजण्यासाठी चित्रफीत लावली, की लाजाळू मूल पुन्हा गप्प होते.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने २०२२ नंतर सर्वांच्या हाती आली आणि क्षणात नाटुकले लिहून देऊ लागली. प्रवेशांचा क्रम, पात्रांची यादी, गोष्टीचे वेगवेगळे शेवट सुचवण्यासाठी शिक्षकाने त्यांचा वापर जरूर करावा. मात्र ‘आदिवासी गाव’ म्हटल्यावर हे यंत्र बहुधा भोळा माणूस, पाने गुंडाळलेला पोशाख आणि शहरातून आलेला उपदेशक अशी ठरावीक पात्रे उभी करते. ते चित्र वर्गात वाचून ‘आपल्या पाड्यावर असे असते का?’ असा प्रश्न मुलांना विचारला, तर त्या चुकीच्या संहितेतूनही चांगला नाट्यपाठ घडू शकतो.

एक प्रकल्प : शिरीषकुमार

नंदुरबार शहरातील एक घटना या पद्धतीसाठी अगदी योग्य आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी ‘छोडो भारत’ आंदोलनाच्या काळात शाळकरी मुलांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे हुतात्मे झाले. शिरीषकुमार अवघ्या पंधरा वर्षांचा होता. शहरात हुतात्म्यांचे स्मारक आहे आणि जिल्ह्यातील प्रत्येक मुलाने ही कथा ऐकलेली असते. आठवी-नववीचा वर्ग सहा तासिकांत तिचे नाटक उभे करू शकतो.

पहिल्या तासिकेत मुलांनी महाजालावर, पाठ्यपुस्तकात आणि घरी मिळालेली माहिती शेजारी शेजारी लिहावी. तारीख आणि पाच नावे सर्वत्र सारखी येतात का? मुलींच्या दिशेने रोखलेली बंदूक पाहून शिरीषकुमार पुढे झाला, असे सांगितले जाते. हे कोण सांगते, कुठे लिहिले आहे? इतिहास आणि आठवण यांतील फरक या एका प्रश्नाने कळतो. दुसऱ्या तासिकेत मिरवणुकीच्या मार्गाचा नकाशा फळ्यावर काढावा, उपग्रह नकाशावर तो आजचा रस्ता पाहावा आणि मग वर्गातील बाके सरकवून तोच मार्ग जमिनीवर खडूने आखावा.

तिसऱ्या तासिकेत प्रवेश लिहावेत. शिरीषकुमारची घरची भाषा गुजराती होती आणि त्या मिरवणुकीतील गुजराती घोषणेची आठवण आजही सांगितली जाते. म्हणजे नंदुरबारच्या या सर्वांत प्रसिद्ध नाट्यप्रसंगाची भाषाही एक नव्हती. मग बाजारातील भाजीवाली अहिराणीत, डोंगरातून मोळी घेऊन आलेला माणूस पावरीत, पोलीस अधिकारी अडखळत्या हिंदीत बोलला, तर ते अधिक खरे वाटेल. प्रत्येक मुलाने आपल्या बोलीतील किमान दोन वाक्ये या नाटकाला द्यावीत, एवढी एकच अट ठेवावी.

चौथी तासिका केवळ मैदानावरची. यंत्रे बंद. मिरवणूक चालते, थांबते, विखुरते; हे शरीरांनीच शिकायचे असते. गोळीबार दाखवण्यासाठी महाजालावरचा बंदुकीचा बार वापरण्याचा मोह होतो. त्याऐवजी एकाच वेळी थांबलेला ढोल आणि त्यानंतरची शांतता अधिक परिणाम करते का, हे मुलांनी करून पाहावे. पाचव्या तासिकेत ध्वनी जोडावेत आणि पूर्ण तालीम मुद्रित करावी. सहाव्या तासिकेत ती पाहावी, चर्चा करावी, आणि प्रत्येक मुलाने आपल्या पात्राच्या त्या रात्रीच्या मनःस्थितीवर एक मिनिटाचे ध्वनिमुद्रण करावे. गोळी झाडणाऱ्या शिपायाचेही. मूल्यमापनासाठी याहून चांगली उत्तरपत्रिका मिळणार नाही.

ब्रिटनमधील नाट्यशिक्षिका डोरोथी हीथकोट यांनी शिक्षकाने स्वतः भूमिका घेऊन वर्गात उतरण्याची पद्धत रूढ केली. शिक्षक जिल्हाधिकारी होतो आणि मुले त्याला प्रश्न विचारतात. या प्रकल्पात ती सहज योजता येते, आणि तिला कोणतेही यंत्र लागत नाही.

नाट्यछटा : छोट्या पडद्याला मानवणारा प्रकार

एकट्या मुलाला, एका भ्रमणध्वनीसमोर, घरच्या ओट्यावर करता येईल असा एक नाट्यप्रकार मराठीत शंभराहून अधिक वर्षे आहे. दिवाकर या नावाने लिहिणारे शंकर काशीनाथ गर्गे यांनी १९११ पासून नाट्यछटा लिहिल्या. रॉबर्ट ब्राउनिंग या इंग्रज कवीच्या एकपात्री काव्यांवरून त्यांना ही कल्पना सुचली. एकच पात्र समोर नसलेल्या माणसांशी बोलते आणि त्या बोलण्यातूनच सारा प्रसंग उभा राहतो. दिवाकर व्यवसायाने शिक्षक होते, हेही इथे लक्षात घेण्याजोगे.

पडद्यावरील विलंबाची अडचण नाट्यछटेला नाही, कारण दुसरा आवाजच नसतो. दोन मिनिटांची नाट्यछटा कमी जागेत मुद्रित होते. आश्रमशाळेत राहणाऱ्या मुलाने घरी पाठवण्यासाठी, किंवा सुटीत स्थलांतराने आईवडिलांबरोबर गुजरातेत गेलेल्या मुलाने वर्गाला पाठवण्यासाठी हा प्रकार सोयीचा आहे. ऊसतोडीच्या फडावरून मूल मुकादमाशी बोलते, एसटीच्या वाहकाशी हुज्जत घालते, हरवलेल्या शेळीला हाका मारते. विषयांना तोटा नाही. मूळ नाट्यछटा वाचून दाखवावी, तिची रचना समजावून द्यावी आणि मग मुलाने स्वतःची, स्वतःच्या बोलीत करावी.

हक्क आणि संमती

नाटकाची चित्रफीत महाजालावर टाकणे आज एका स्पर्शाचे काम झाले आहे. त्यापूर्वी दोन प्रश्न विचारले पाहिजेत.

पहिला प्रश्न लेखकाच्या हक्काचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमात शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेल्या नाट्यप्रयोगाला सवलत दिली आहे. पण प्रेक्षक शाळेचे कर्मचारी, विद्यार्थी, पालक आणि संस्थेशी संबंधित व्यक्ती यांच्यापुरते मर्यादित असले पाहिजेत. तोच प्रयोग यूट्यूबवर सर्वांसाठी खुला केला की तो या सवलतीच्या चौकटीत राहत नाही. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याचे साहित्य मुक्त होते. दिवाकरांचे निधन १९३१ मध्ये झाल्याने त्यांच्या नाट्यछटा आता कोणालाही करता येतात. चित्रपटातील गाणी पार्श्वसंगीत म्हणून वापरली तर व्यासपीठ चित्रफीत अडवू शकते. मुलांनी स्वतः वाजवलेल्या ढोलाला ही अडचण नाही.

दुसरा प्रश्न मुलांचा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक असून तिची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक मानली आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हायची आहे. कायदा बाजूला ठेवला तरी साधा विवेक तेच सांगतो. साक्षर नसलेल्या पालकाकडून छापील कागदावर अंगठा घेणे म्हणजे संमती नव्हे. चित्रफीत त्याला दाखवावी, ती कोण कोण पाहू शकेल हे त्याच्या बोलीत सांगावे आणि ‘नको’ म्हणण्याची मुभा खरोखर द्यावी. आजीने सांगितलेल्या कथेलाही हाच नियम लागू. काही कथा विशिष्ट ऋतूत, विशिष्ट विधीच्या वेळीच सांगायच्या असतात. त्या सर्वांसाठी खुल्या करण्याचा अधिकार शाळेचा नाही.

शाळेने काय करावे

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ च्या निमित्ताने तयार झालेल्या कलाविषयक आधारपत्रात नाट्यकलेला शालेय शिक्षणात स्थान देण्याचा आग्रह होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कलेशी सांगड घातलेले शिक्षण आणि शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षण या दोन्ही गोष्टी मांडल्या. नंदुरबारच्या नाट्यवर्गात या दोन्ही शिफारशी एकाच तासिकेत प्रत्यक्षात येऊ शकतात. त्यासाठी वेगळी प्रयोगशाळा उभारण्याची गरज नाही. एक बऱ्यापैकी भ्रमणध्वनी, एक छोटा ध्वनिवर्धक, एक पेन ड्राइव्ह आणि आठवड्याची एक हक्काची तासिका एवढे पुरे. तासिका मात्र हक्काची हवी. परीक्षा जवळ आली की सर्वप्रथम हीच तासिका गणिताला दिली जाते.

आणखी एक काम शाळेला सहज करता येईल. दर वर्षी मुलांनी आणलेल्या कथा, म्हणी, हाका आणि संवाद यांचे ध्वनिमुद्रण गाव, बोली आणि वर्ष यांच्या नोंदीसह जपून ठेवावे, दोन वेगळ्या ठिकाणी. महाजालावर नंदुरबारच्या बोली ऐकण्यास आज जे साहित्य मिळते ते मुख्यतः गाणी आणि करमणुकीचे खेळ यांचे आहे. रोजचे बोलणे, भांडणे, समजूत घालणे, गोष्ट सांगणे यांची नोंद फारशी नाही. पाच वर्षांत एका शाळेकडे असा संग्रह तयार झाला, तर पुढच्या वर्गांना नाटकासाठी स्वतःचे ग्रंथालय मिळेल. आणि जी आजी आता नाही, तिचा आवाज तिच्या नातवंडांना त्या शाळेत ऐकता येईल.